प्रोटॉन कोठे आहे? हायड्रोजन-बंधांनी स्वयंरचना साधणाऱ्या रेणूंची आखणी

१९५३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स वॉटसन डीएनएमधील क्षारकांच्या आकृत्या मांडून बसले होते. ॲडेनीनशी ॲडेनीन, ग्वानीनशी ग्वानीन, अशा समानांच्याच जोड्या हायड्रोजन-बंधांनी जुळत असाव्यात, असे त्यांस वाटू लागले होते. आणि कागदावर त्या जुळतही होत्या. त्याच खोलीत बसणारे अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डोनह्यू यांनी त्यांस सांगितले की, पाठ्यपुस्तकांतून उतरून घेतलेली ग्वानीन व थायमीन यांची सूत्रेच मुळी चुकीची आहेत. पुस्तकांत हे क्षारक एनॉल रूपात काढलेले होते. वस्तुतः ते कीटो रूपात असण्याचा संभव पुष्कळच अधिक होता. दोन रूपांतील फरक तो केवढा? ऑक्सिजनावरील एका हायड्रोजन अणूने शेजारच्या नायट्रोजनावर जाऊन बसणे, एवढाच. परंतु तेवढ्याने समानांची जोडी मोडली. पुठ्ठ्याचे नवे आकार कापून वॉटसन यांनी ते पुन्हा मांडले, तेव्हा ॲडेनीन थायमीनशी आणि ग्वानीन सायटोसीनशी जुळले, आणि दोन्ही जोड्यांची लांबी-रुंदी एकसारखी निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुहेरी सर्पिलाची रचना प्रसिद्ध झाली.

जीवशास्त्राच्या इतिहासातील एक रंजक प्रसंग म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते. ज्यांस नवे रेणू आखावयाचे आहेत त्यांनी मात्र ती इशारा म्हणून वाचावी. हायड्रोजन-बंधांच्या साहाय्याने रेणूंची जुळणी घडवून आणण्याचा जो उद्योग गेल्या चार दशकांत भरभराटीस आला आहे, त्यात बंध दुर्बल आहेत ही मुख्य अडचण नव्हे. दुर्बलतेवर उपाय सापडले आहेत. खरी अडचण ही की, आपण कागदावर जेथे प्रोटॉन काढतो, तेथेच तो राहील असा नियम नाही. हे म्हणणे पुढील विवेचनात उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. विद्रावात असलेले रेणू बाहेरून कोणी न जुळविता आपण होऊन ठराविक संख्येने व ठराविक मांडणीने एकत्र येतात, या क्रियेस येथे 'स्वयंरचना' म्हटले आहे. कार्बन-कार्बन बंधासारखा सहसंयुजी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ८३ किलोकॅलरी ऊर्जा लागते; सामान्य हायड्रोजन-बंधास बहुधा २ ते १० किलोकॅलरी पुरतात. म्हणून हायड्रोजन-बंध नेहमीच्या तपमानास जुळतो आणि सुटतोही. हे सुटणे दोष नसून गुणच आहे. चुकीच्या जागी जुळलेला रेणू पुन्हा सुटू शकला नाही, तर रचनेतील चूक कायमची राहील. सुटता येते म्हणूनच चुका दुरुस्त होतात, आणि शेवटी ज्या रचनेची मुक्त ऊर्जा सर्वांत कमी ती टिकते. संश्लेषण करणाऱ्या रसायनज्ञास ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते, कारण त्याचे सारे शिक्षण न सुटणारे बंध घडविण्याचे असते.

हायड्रोजन-बंधास दोन पक्ष लागतात. नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांवर हायड्रोजन धारण करणारा तो दाता, आणि आपल्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीने तो हायड्रोजन जवळ ओढून घेणारा तो ग्राहक. दाता 'दा' व ग्राहक 'ग्रा' या अक्षरांनी दाखविला, तर वलयी रेणूची एक कड 'दा-ग्रा-दा' अशी लिहिता येते, आणि तिच्यासमोर 'ग्रा-दा-ग्रा' कड आली की तीन बंध जुळतात. एवढे कळले की कोणासही वाटावे, बंधांची संख्या वाढवीत जावे म्हणजे जोडी पाहिजे तितकी बळकट होईल. प्रारंभी पुष्कळांस तसेच वाटत होते. पण तीनच बंधांनी जुळणाऱ्या निरनिराळ्या जोड्या क्लोरोफॉर्ममध्ये मोजल्या, तेव्हा काहींचा संयोग-स्थिरांक शंभराच्या आसपास निघाला, काहींचा दहा हजारांच्या, आणि काहींचा लाखाच्याही वर.

विल्यम जॉर्गन्सन व जुलियांतो प्रनता यांनी १९९० साली याचे कारण दाखविले. समोरासमोरील दाता व ग्राहक यांचे आकर्षण तर असतेच. पण प्रत्येक गटाचा तिरक्या दिशेने शेजारच्या बंधातील गटाशीही विद्युत् संबंध येतो. तिरक्या दिशेस विजातीय असेल तर आकर्षण, सजातीय असेल तर प्रतिकर्षण. 'दा-दा-दा' कडेसमोर 'ग्रा-ग्रा-ग्रा' कड आली, तर चारही तिरके संबंध आकर्षणाचे. 'दा-ग्रा-दा' समोर 'ग्रा-दा-ग्रा' आली, तर चारही प्रतिकर्षणाचे. ग्वानीन-सायटोसीन जोडीत दोन अनुकूल व दोन प्रतिकूल, म्हणजे जमाखर्च सारखा.

जर्मनीत झारलँड विद्यापीठात सार्टोरियस व श्नायडर यांनी १९९६ साली अनेक जोड्यांचे क्लोरोफॉर्ममधील मापन एकत्र करून या जमाखर्चास आकडे दिले. प्रत्येक मुख्य बंधामागे मुक्त ऊर्जेत ७.९ किलोजूल प्रति मोल लाभ, आणि प्रत्येक तिरक्या संबंधामागे २.९ किलोजूल लाभ किंवा तोटा. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. 'दा-ग्रा-दा' जोडीस तीन बंधांचे २३.७ किलोजूल मिळतात. त्यातून चार प्रतिकर्षणांचे ११.६ वजा जाता १२.१ उरतात, आणि २५ अंश सेल्सियसला त्याचा संयोग-स्थिरांक लिटर प्रति मोल या एककात सुमारे १३० येतो. ग्वानीन-सायटोसीन प्रकारास पूर्ण २३.७ राहतात, म्हणजे सुमारे १४ हजार. 'दा-दा-दा' प्रकारास ३५.३, म्हणजे सुमारे १५ लाख. बंध तिन्ही ठिकाणी तीनच. इतक्या साध्या बेरजेने प्रत्यक्ष मापनाच्या इतके जवळ जाता यावे, ही रसायनशास्त्रात क्वचितच घडणारी गोष्ट आहे. अर्थात् ही बेरीज अंदाजासाठी आहे; तिच्यावर अवलंबून प्रबंध लिहू नये.

मग 'दा-दा-दा' हीच कड सर्वत्र का वापरीत नाहीत? पहिले कारण असे की, तिला जोडीदार म्हणून एक वेगळाच रेणू तयार करावा लागतो. ज्या रेणूची कड स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी जुळते असा स्वपूरक रेणू मिळाला, तर एकाच संश्लेषणात काम भागते. चार बंधांच्या स्वपूरक कडा दोनच प्रकारच्या संभवतात, 'दा-दा-ग्रा-ग्रा' आणि 'दा-ग्रा-दा-ग्रा'. पहिलीत चार तिरके संबंध अनुकूल व दोन प्रतिकूल, दुसरीत सहाच्या सहा प्रतिकूल. वरील बेरजेने पहिलीचा स्थिरांक छत्तीस लाखांच्या घरात आणि दुसरीचा तीनशेच्या आसपास येतो. दाते दोन, ग्राहक दोन, बंध चार, हे सर्व सारखेच. केवळ क्रम बदलल्याने दहा हजारपटींहून अधिक अंतर पडले. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे, आणि तेथेच पुन्हा प्रोटॉनाची गाठ पडते.

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील मायर, सैबेस्मा व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली यूरियाचा गट जोडलेला पिरिमिडिनोन वापरून चार बंधांची जी रचना प्रसिद्ध केली, ती आता या क्षेत्रातील नमुना-उदाहरण मानली जाते. तिचे संश्लेषण इतके सोपे आहे की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास ते दोन दिवसांत करता यावे: आयसोसायटोसीन प्रकारचे संयुग घ्यावे आणि त्यावर आयसोसायनेटाची क्रिया करावी. तयार झालेल्या रेणूत वलयातील एका नायट्रोजनावरील हायड्रोजन यूरियाच्या कार्बोनिल ऑक्सिजनाशी रेणूच्या आतच बंध करतो, आणि त्यामुळे सहा अणूंचे एक वलय पुरे होते. मिनेसोटा विद्यापीठातील मार्गारेट एटर यांनी शेकडो स्फटिकांच्या निरीक्षणावरून जे नियम बसविले होते, त्यांतील एक हाच आहे: सहा अणूंचे वलय पुरे होत असेल तर रेणूच्या आतील हायड्रोजन-बंध प्रथम जुळतो, आणि मग उरलेले दाते व ग्राहक बाहेरच्या रेणूंकडे वळतात. एटर १९९२ साली अकाली निवर्तल्या. त्यांच्या नियमांचा असा उपयोग झालेला पाहावयास त्या राहिल्या नाहीत.

आतील बंधाने यूरियाचा गट एका बाजूस वळून घट्ट बसला, म्हणजे दुसऱ्या बाजूस यूरियाचे दोन नायट्रोजन-हायड्रोजन गट, त्यांच्या पुढे वलयातील नायट्रोजन आणि त्यापुढे वलयाचा कार्बोनिल ऑक्सिजन अशी 'दा-दा-ग्रा-ग्रा' कड सरळ रेषेत उभी राहते. क्लोरोफॉर्ममध्ये या द्विवारिकाचा स्थिरांक सुमारे सहा कोटी आणि टोल्यूइनमध्ये सुमारे साठ कोटी निघाला. बेरजेने काढलेल्या अंकाच्या दहापटीहूनही क्लोरोफॉर्ममधील अंक अधिक आहे. याचे श्रेय बरेचसे आतील बंधास द्यावयास हवे, कारण जुळणीपूर्वी सैल रेणूस सरळ करण्यात जी एन्ट्रॉपी खर्ची पडते ती येथे आधीच भरलेली आहे.

पण हे सारे त्या रेणूच्या एका टॉटोमराचे वर्णन झाले. प्रोटॉनाच्या स्थलांतराने एकमेकांत बदलणाऱ्या व सहसा समतोलात असणाऱ्या समघटकांस टॉटोमर म्हणतात. वलयातील प्रोटॉन नायट्रोजन सोडून ऑक्सिजनावर गेला की तोच रेणू एनॉल होतो. आता वलयाचा ऑक्सिजन ग्राहक न राहता दाता बनतो, यूरियाचा गट उलट बाजूस वळतो, आणि कड होते 'दा-ग्रा-दा-ग्रा', म्हणजे वर ज्या क्रमाचा तोटा आपण मोजला तोच. प्रोटॉनाचे तिसरेही एक स्थान आहे. त्या रूपात चार बंधांची जोडी मुळीच होत नाही, आणि डायमेथिल सल्फॉक्साइडसारख्या विद्रावकात रेणू त्या रूपात एकटे राहतात. आइंडहोव्हनच्या गटास असे दिसून आले की, वलयाच्या सहाव्या कार्बनावर अल्किल गट असता अनुकूल कीटो रूप टिकते, परंतु तेथे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा गट बसविला तर समतोल एनॉलाकडे झुकतो. तो कार्बन जोडी जुळविणाऱ्या कडेपासून दूर, रेणूच्या पाठीमागच्या बाजूस आहे. कागदावर पाहणारा म्हणेल की तेथे कोणताही गट बसवा, जुळणीशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो प्रोटॉनाच्या मार्फत आहे. आपल्याकडील प्रबंधांतूनही अशा आकृत्या पुष्कळ आढळतात, की ज्यांत दाते व ग्राहक सुबक रेषांनी जोडलेले असतात, पण तेच टॉटोमर का काढले याचे एक वाक्यही नसते.

या अडचणीवर दोन प्रकारे मात करता येते. एक म्हणजे प्रतिष्ठापी गट विचारपूर्वक निवडून नको असलेले रूप दाबून टाकणे. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे: प्रोटॉन कोठेही जावो, कड तीच राहील असा रेणू आखणे. इलिनॉय विद्यापीठातील पेरी कॉर्बिन व स्टीव्हन झिमरमन यांनी १९९८ साली असा विषमवलयी रेणू सिद्ध केला, की ज्याची निरनिराळी टॉटोमर रूपे चार बंधांची जोडी करू शकतात. त्यानंतर २००५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गंगाधर संजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नास हात घातला. त्यांच्या योजनेचे मर्म सममितीत आहे. प्रोटॉन एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी गेला, तरी नव्याने होणारी रचना मूळच्या रचनेशी एकरूपच ठरावी, अशी रेणूची घडण केलेली होती. म्हणजे प्रोटॉनास बांधून ठेवण्याचा आग्रह सोडला, आणि त्याच्या भ्रमणाचा परिणामच शून्य केला. आखणीचा याहून नमुनेदार पाठ शोधूनही सापडणार नाही, आणि तो आपल्या इतक्या जवळ घडला हे येथील विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

इतक्या बळकट जोडीचा उपयोग काय? एका लवचिक साखळीच्या दोन्ही टोकांस हा पिरिमिडिनोन गट बसविला, तर रेणू एकापुढे एक जुळत जाऊन बहुवारिक बनते. त्यात एकवारिकांमध्ये सहसंयुजी बंध एकही नसतो. ही कल्पना त्यापूर्वीची आहे. फ्रान्समध्ये ज्याँ-मारी लेन यांनी १९९० साली तीन बंधांच्या पूरक घटकांपासून अशा साखळ्या व त्यांचे द्रवस्फटिक तयार केले होते. पण केवळ विद्रावात लांब साखळी टिकण्यास अधिक बळकट जोडी हवी होती. साखळीची सरासरी लांबी सहज काढता येते. विद्रावाची संहती आणि संयोग-स्थिरांक यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे व दुप्पट करावे. लिटरमागे ०.०४ मोल एकवारिक आणि स्थिरांक सहा कोटी धरला, तर साखळीत सरासरी तीन हजारांवर कड्या याव्यात.

प्रत्यक्षात तितक्या सहसा येत नाहीत, आणि त्याचे कारण नवख्या संशोधकास फार छळते. एकाच टोकास गट असलेला रेणू साखळीत शिरला की त्या बाजूने साखळी तेथेच संपते. अशी अशुद्धी शंभरात एक जरी असली, तरी लांबी दोनशे कड्यांच्या वर जाऊ शकत नाही, मग स्थिरांक कितीही मोठा असो. म्हणून येथे श्यानतेचे मापन हे शुद्धतेचेच मापन होऊन बसते. साखळीतील बंध मात्र सतत सुटत व जुळत असतात. क्लोरोफॉर्ममध्ये एका जोडीचे सरासरी आयुष्य सुमारे ०.१७ सेकंद आढळले आहे. पॅरिस येथील लुडविक लेबलर यांच्या गटाने २००८ साली मेदाम्लांपासून व यूरियापासून जे रबरासारखे द्रव्य केले, त्यात हाच गुण वापरला आहे. ते कापून त्याची ताजी तोंडे नेहमीच्या तपमानास परस्परांवर दाबून ठेवली असता पुन्हा सांधली जातात आणि तुकडा पुन्हा ताणता येतो.

विद्रावातून स्फटिकाकडे वळले की प्रश्न निराळे होतात. तेथे रेणूंची कड बरोबर जुळली तरी पुरत नाही, कारण स्फटिकास पोकळी मानवत नाही. ट्रायमेसिक अम्लाच्या बेंझीन वलयावर तीन कार्बॉक्सिल गट १२० अंशांनी बसलेले असतात. कार्बॉक्सिल गट जोडीजोडीने जुळले की मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्कोनी जालक व्हावे, हे कोणीही सांगेल. ड्यूशँप व मार्श यांनी १९६९ साली या अम्लाची रचना क्ष-किरणांनी निश्चित केली, तेव्हा पोळे होते खरे. पण प्रत्येक षट्कोनाच्या पोकळीतून दुसऱ्या जालकांचे धागे आरपार गेलेले होते. पुढे १९८८ साली ओटो एर्मर यांनी ॲडमँटेनावर चार कार्बॉक्सिल गट असलेले अम्ल घेतले, तेव्हा हिऱ्यासारखे त्रिमितीय जालक मिळाले, आणि तेही पाच पृथक् जालके एकमेकांत गुंतलेले. आखणी यशस्वी झाली होती, पोकळी मात्र निसर्गाने दुसऱ्या तऱ्हेने भरून काढली होती.

माँट्रियल येथील जेम्स वुएस्ट यांनी या कामी पायरिडोन गट निवडला. त्याची कड 'दा-ग्रा' अशी असून दोन पायरिडोन एकमेकांशी दोन बंधांनी जुळतात. दोन पायरिडोन वलये ॲसिटिलीनच्या दांड्याने जोडून त्यांनी १९८८ साली दोन समघटक तयार केले. एकाच्या कडा अशा बसल्या होत्या की दोन रेणू परस्परांत पूर्णपणे जुळून चार बंधांचे बंदिस्त द्विवारिक झाले. दुसऱ्याच्या कडा तशा न बसल्याने तेच गट अंतहीन साखळीत जुळले. दाते तेच, ग्राहक तेच, फक्त सांध्याचे स्थान वेगळे. १९९१ साली चार पायरिडोन असलेल्या रेणूंपासून त्यांनी हिऱ्यासारखी जालके मिळविली, आणि त्यांच्या मोठ्या कप्प्यांत पाहुणे रेणू राहू शकले. येथेही प्रोटॉनाचा प्रश्न चुकलेला नाही. पायरिडोनाचा टॉटोमर हायड्रॉक्सिपिरिडीन आहे. वाफेच्या अवस्थेत तोच किंचित् अधिक स्थिर असतो. ध्रुवीय विद्रावकात व स्फटिकात पायरिडोन वरचढ होतो. म्हणजे रेणूचा स्वभावही परिसरावर अवलंबून आहे, आणि एका माध्यमातील मोजमाप दुसऱ्या माध्यमाच्या आखणीस आधार म्हणून घेता येत नाही. हैदराबाद विद्यापीठातील गौतम देसिराजू यांनी १९९५ साली रेणूंच्या अशा वारंवार आढळणाऱ्या जुळणीच्या नमुन्यांस 'सिंथॉन' ही संश्लेषणातील संज्ञा लावली, तिचा उपयोग हाच की कोणत्या गटावर किती विसंबावे हे अनुभवसंचयावरून ठरविता येते.

आखलेल्या रचनांची चर्चा करीत असता, न आखलेल्या एका रचनेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मेलामीनाच्या तिन्ही कडा 'दा-ग्रा-दा', आणि सायन्यूरिक अम्लाच्या तिन्ही कडा 'ग्रा-दा-ग्रा'. वरच्या हिशेबाने तीन बंधांतील ही सर्वांत दुबळी जोडी. तथापि प्रत्येक रेणूस तीन कडा असल्याने दोघांचे पत्र्यासारखे अखंड जालक बनते, आणि ते पाण्यात फारच थोडे विरघळते. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९० पासून या जोडीच्या बाजूस मोठे प्रतिष्ठापी गट बसवून जालकाऐवजी तीन-तीन रेणूंचे, अठरा बंधांचे बंद चक्र मिळविले; गट लहान असले तर चक्राऐवजी सरळ किंवा नागमोडी फीत होते. हा आखणीचा भाग झाला. २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्री व मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत याच मेलामीन-सायन्यूरेटाचे स्फटिक सापडले. प्राण्यांच्या खाद्यात प्रथिने अधिक दिसावीत म्हणून मेलामीन मिसळले गेले होते, कारण प्रथिनांचे मापन नायट्रोजनावरून होते आणि मेलामीनात वजनाने सुमारे ६७ टक्के नायट्रोजन असतो. दोन्ही द्रव्ये एकेकटी फारशी विषारी नाहीत. विष जुळणीत होते. पुढल्याच वर्षी चीनमध्ये भेसळीच्या दूधभुकटीने सुमारे ३ लाख अर्भके आजारी पडली. त्यांच्या मूतखड्यांत मेलामीनाच्या जोडीस यूरिक अम्ल होते, ज्याच्या कडेवरील दाते व ग्राहक सायन्यूरिक अम्लाच्या कडेची आठवण करून देतात.

शेवटी मापनाविषयी थोडेसे, कारण या क्षेत्रातील पुष्कळ मतभेद आखणीचे नसून मापनाचे असतात. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने विद्राव विरळ करीत जाऊन स्थिरांक काढण्याची पद्धत सोपी आहे, पण स्थिरांक लाखाच्या पुढे गेला की ती लंगडी पडते. उपकरणास दिसेल इतक्या संहतीस सुटा रेणू शिल्लकच नसतो. आइंडहोव्हनच्या गटाने रेणूस पायरीन जोडून त्याच्या प्रतिदीप्तीवरून सहा कोटींचा अंक मिळविला, तो यासाठीच. अनुस्पंदनाचा खरा उपयोग टॉटोमर ओळखण्याकडे आहे. पिरिमिडिनोनाच्या कीटो द्विवारिकात नायट्रोजनावरील तीन प्रोटॉनांचे संकेत १० ते १३ भाग प्रति दशलक्ष या पट्ट्यात स्वतंत्र दिसतात, आणि एनॉल रूपाचे त्यांहून वेगळ्या ठिकाणी येतात. संकेतांच्या क्षेत्रफळांवरून दोन्ही रूपांचे प्रमाण वाचता येते. संश्लेषण पुरे झाल्यावर पहिला आलेख घ्यावयाचा तो स्थिरांकासाठी नव्हे, प्रोटॉनाचा ठावठिकाणा लावण्यासाठी.

विद्रावकाच्या बाटलीवरील चिठ्ठीही वाचावी. बाजारी क्लोरोफॉर्ममध्ये ते टिकावे म्हणून अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेले असते, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.१ मोल. आपला रेणू लिटरमागे ०.००१ मोल असेल, तर प्रत्येक रेणूमागे शंभर इथेनॉल रेणू दाता व ग्राहक या दोन्ही नात्यांनी स्पर्धेस उभे राहतात. पाण्यात तर हीच स्पर्धा लिटरमागे ५५ मोलांची होते. डीएनएचे क्षारक तेथे जुळून राहतात ते एकट्या हायड्रोजन-बंधांच्या बळावर नव्हे, तर एकावर एक रचलेल्या वलयांच्या आकर्षणाचा आधार मिळतो म्हणून. आणि तेथेही प्रोटॉन पूर्णपणे स्थिर नाहीच. क्षारक क्वचित् आपल्या विरळ टॉटोमर रूपात गेला तर चुकीची जोडी जुळून उत्परिवर्तन घडू शकेल, असे वॉटसन व क्रिक यांनी १९५३ सालीच सुचविले होते. ड्यूक विद्यापीठातील हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने २०१५ साली अनुस्पंदनाच्या साहाय्याने ग्वानीन-थायमीनाच्या चुकीच्या जोडीत अशी अल्पजीवी रूपे उत्पन्न होताना प्रत्यक्ष टिपली. त्यांचे प्रमाण अत्यल्प आहे व आयुष्य मिलिसेकंदाहूनही कमी.